वहीतला एक रकाना

पंढरपूरच्या उत्तरेला करकंब हे बाजाराचे जुने गाव. अशा गावात जुने नाणे सराफाच्या पेढीवर कसे येते, हे आपल्या नाण्यांच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माळवद उतरवताना भिंतीतल्या कोनाड्यातून चिंधीत बांधलेले चार रुपये निघतात. पांढरीची माती भरताना फावड्याला तांब्याचा हिरवट तुकडा लागतो. म्हातारी गेल्यावर तिच्या गाठोड्यातून राणीछाप बाहेर पडतो. घरचे माणूस ते घेऊन पेढीवर जाते. सराफ नाणे काट्यावर टाकतो, त्या दिवसाचा भाव पाहतो, घट वजा करतो आणि मोडीचे पैसे हातावर ठेवतो. यात कोणी कोणाला फसवलेले नसते. सराफाचा धंदा धातूचा. नाण्यावरचे अक्षर त्याच्या काट्यावर चढत नाही.

ते अक्षर वाचता येणे हे आपले भांडवल. राणीछापापासून पंचम जॉर्जपर्यंतच्या चांदीच्या रुपयाचे वजन तोळाभर, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. मोडीत सगळे सारखे. पण 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया वेगळा काढून ठेवावा लागतो. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने नाणी माघारी घेऊन आटवली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट काढली. झिजलेल्या रुपयावर तो हत्ती दिसतही नाही, तरी सालामुळे नाण्याला गिऱ्हाईक असते. घरमालकाला हे सांगून मोडीपेक्षा चार पैसे जास्त देणारा तो खरा नाणे-व्यापारी. हे न सांगता मोडीच्या भावात उचलणाऱ्याला दुसऱ्या वेळी त्या घरात पाऊल टाकता येत नाही, हा खेड्यातल्या खरेदीचा पहिला धडा.

सोलापूर जिल्ह्याला आपण व्यापारी जरा कमी लेखतो. खरे तर औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेतली कित्येक वर्षे याच भीमाकाठी गेली. मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरला, 1695 पासून चार वर्षे त्याची छावणी होती. खुद्द सोलापूरच्या टाकसाळीचे त्याचे रुपये आहेत. अकलूजला मोगलांनी असदनगर नाव दिले होते. त्या नावाचे रुपयेही संग्राहक शोधत असतात. त्याआधीची बहमनी आणि आदिलशाही तांब्याची नाणी, नंतरच्या शिवराया, पेशवाईतले रुपये, शेवटी कंपनी सरकारचे पैसे. वारीच्या वाटेवरचा हा मुलूख, शतकानुशतके हातोहात पैसा फिरलेला. करकंबच्या पंचक्रोशीतून निघालेल्या नाण्याला एवढा मोठा शेजार आहे.

पण ते नाणे आपल्याकडे पोचते तेव्हा हा शेजार गळून पडलेला असतो. कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, माल कुठून आला? उत्तर ठरलेले: आजोबांच्या ट्रंकेतून. महाराष्ट्रातल्या आजोबांनी एवढ्या ट्रंका भरून ठेवल्या असत्या तर घरात बसायला जागा उरली नसती. ट्रंक हे आपले सोयीचे खोटे आहे. ते आपण का बोलतो ते पुढे पाहू. आधी त्याने काय बुडते ते पाहू.

1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून जास्त, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. साठा एकत्र तपासला गेला म्हणून हे प्रमाण कळले, आणि पराभूत राजाचा पैसा सातवाहनांनी आपला शिक्का मारून पुन्हा बाजारात सोडला ही गोष्ट पक्की झाली. समजा, तोच साठा पाच-पाच, दहा-दहा करून बाजारात मुरला असता. पुन्हा छापलेली नाणी आज आपल्या कपाटांत असतीच, चांगल्या भावाने विकलीही गेली असती. पण दोन राजांमधला तो हिशेब कोणालाही मांडता आला नसता.

साध्या शिवराईचेही तेच. हातात घेऊन भिंगाखाली धरा. एका बाजूला तीन ओळी, ‘श्री’, ‘राजा’, ‘शिव’; दुसऱ्या बाजूला ‘छत्र’ आणि ‘पति’; कडेने ठिपक्यांचे वर्तुळ, तेही बहुधा अर्धे नाण्याबाहेर गेलेले, कारण साचा मोठा आणि तांब्याची चकती लहान. एकीवर ‘शिव’, दुसरीवर ‘सिव’, तिसरीवर ‘सीव’. वेलांट्यांची वळणे निराळी, वजनेही निराळी. शिवाजी महाराजांनंतर हीच अक्षरे ठेवून पेशवाईअखेरपर्यंत शिवराया पडत राहिल्या, आणि इंग्रजी अमलातही त्या बाजारात चालत होत्या. कोणते वळण कोणत्या भागातले, हे ठरवायला ती कुठल्या गावात सापडली हे कळावे लागते. आपण तर किलोने आलेल्या शिवराया अक्षरांप्रमाणे वेगळ्या करतो, गावाप्रमाणे कधीच नाही. साधी शिवराई काही शे रुपयांना जाते, म्हणून तिच्या गावाची चौकशी करण्यात वेळ घालवायचा नाही, असा आपला हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे, धंद्याच्या दृष्टीनेसुद्धा.

कारण खोटा माल. शिवकालीन सोन्याचा होन म्हटले की पहिला प्रश्न ‘खरा का’ हाच येतो, आणि तो रास्त आहे. ओतीव नकला, पत्र्यावर दाबलेले छाप, रसायनाने आणलेला हिरवेपणा, सगळे बाजारात आहे. जत्रेत मांडलेली, एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असलेली नाणी तर कंपनीच्या कुठल्याच टाकसाळीत कधी पडली नाहीत. तांदूळ ओढणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याच्या नावाखाली लोकांचे लाखो रुपये बुडाले. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून शुल्क आणि कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेला 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगावे लागले. अशा बाजारात नाण्याचा ठावठिकाणा हाच त्याच्या खरेपणाचा सर्वांत स्वस्त दाखला. बनावट नाणे पाडणारा छाप बनवतो, वजन जुळवतो. पण कोणत्या घरातून, कोणत्या साली, कोणकोणत्या नाण्यांबरोबर ते निघाले ही साखळी त्याला सहजी बनवता येत नाही. लिलावात जुन्या नामांकित संग्रहातल्या नाण्यावर बोली चढते ती याच कारणाने.

आता ट्रंकेकडे. आपण खरे ठिकाण लिहीत नाही, कारण आपल्याला कायद्याची भीती वाटते. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवले पाहिजे. माळवदाची भिंतही यात आली. न कळवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय शिक्षा वेगळी. कळवले आणि कोणी मालक पुढे आला नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक. इथवर कायदा वाईट नाही. खोच आहे ती सरकारने माल ताब्यात घेण्याच्या कलमात: सरकारने द्यायची रक्कम म्हणजे धातूची किंमत आणि तिच्यावर एकपंचमांश. थोडक्यात, मोडीचा भाव आणि वर वीस टक्के. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याला शिशाचा भाव! करकंबच्या सराफाने जे नकळत केले, तेच हा कायदा समजून-उमजून करतो. मग शेतकरी गुपचूप आटवतो किंवा गुपचूप विकतो, यात नवल काय?

ज्या इंग्रजांनी हा कायदा इथे केला, त्यांनी आपल्या घरी 1996 साली नवा कायदा केला. इंग्लंड-वेल्समध्ये संग्रहालयाला साठा हवा असेल, तर तज्ज्ञ समितीने ठरवलेली बाजारभावाची किंमत मोजावी लागते. शेतात सापडलेल्या किरकोळ वस्तूसुद्धा आपखुशीने नोंदवून घेण्याची योजना तिथे पाठोपाठ सुरू झाली. लोक पुढे येतात, कारण खरे सांगण्यात तोटा नाही. आपल्याकडच्या कलमातला ‘धातूची किंमत’ हे शब्द काढून तिथे ‘बाजारभाव’ लिहावा, ही मागणी नाणे-व्यापाऱ्यांनीच उचलून धरायला हवी. यात आपला स्वार्थ आहे, हे उघड मान्य करून.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या हातात वही आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पुरी झालेले नाणे पुरावस्तू ठरते. ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, देशाबाहेर नेता येत नाही, आणि परवानाधारकाने नोंदी आणि छायाचित्रे ठेवायची असतात. म्हणजे वही कायद्यानेच आपल्या गळ्यात बांधली आहे. त्यात एक रकाना वाढवा: सापडल्याचे ठिकाण. गाव, तालुका, घर की शेत, आणि सोबत आणखी काय निघाले. विकणाऱ्याला ठिकाण खरोखरच ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. ट्रंक लिहू नका. ‘माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर अभ्यासकाच्या कामाचे असते. ट्रंकेने मात्र त्याची दिशाभूल होते.

ठिकाण सांगणाऱ्याला वरचे पैसे द्या, आणि ते कशाचे ते त्याला सांगा. सोबत निघालेला लोटा, मडके, चिंधी फेकू नका म्हणावे. चिंच-राखेने घासू नका, हे गावोगावच्या सराफांना एकदा समजावले की चमकवलेली, हातची गेलेली नाणी कमी येतील. सराफाशी साधा करार करा: नाणे आले की आटवण्याआधी छायाचित्र पाठवायचे, मोडीपेक्षा जास्त जे मिळेल त्यातला वाटा त्याचा आणि घरमालकाचा. जमिनीतून साठा निघाल्याचे कळले, तर खरेदी करू नका. त्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून द्या. सरकारने साठा घेतला नाही तर माल वाटणीप्रमाणे रीतसर त्याच्याकडे येतो, आणि मग तो उघडपणे, पावतीने, चांगल्या भावाने विकता येतो. अर्ज लिहून देणाऱ्या व्यापाऱ्याकडेच तो आधी येईल. पोराबरोबर परदेशी पाठवतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र हात जोडावेत.

हे भाबडेपणाचे वाटत असेल तर धाराशिव जिल्ह्यातले तेर पाहावे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीतून निघणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती गावातच जमवल्या. प्राचीन तगर नगराचा अभ्यास करायचा तर आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात जावे लागते. त्या वस्तू तेरच्या आहेत हे नक्की असल्यामुळेच त्या संग्रहाला हे मोल आले. सुट्या-सुट्या विकल्या असत्या तर त्या चांगल्या वस्तू ठरल्या असत्या, एवढेच.

या अंकाच्या शेवटच्या पानावर नोंदपत्राचा नमुना छापला आहे. त्यात वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि वर सांगितलेला रकाना आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांनी सुरुवात करावी, दिवाळीच्या आत भरलेली पत्रे पाठवावीत. गाव आणि तालुका छापू, विकणाऱ्याचे वा घेणाऱ्याचे नाव छापणार नाही. करकंबची निदान एक शिवराई त्या यादीत ‘करकंब’ या नावाने आली पाहिजे.