कुठली ग्रामसभा?

लक्षद्वीपमधील बित्रा बेटाची सगळीच्या सगळी जमीन संरक्षण यंत्रणांसाठी घेण्याची तयारी तिथल्या महसूल विभागाने ११ जुलै २०२५च्या अधिसूचनेने सुरू केली. सामाजिक परिणामांची पाहणी करू, ग्रामसभेशीही बोलू. मात्र पूर्वसंमतीची गरज नाही, असे हा कागद म्हणतो. कुठली ग्रामसभा? ती बोलवायची पंचायतीने, आणि लक्षद्वीपच्या वस्ती असलेल्या दहा बेटांपैकी एकावरही आज निवडून आलेली पंचायत नाही. मुदत संपली, निवडणूक झालीच नाही. घराचे दार उपटून न्यायचे आणि मग त्याच दारावर थाप मारू म्हणायचे!

२०११च्या जनगणनेत बित्रावर २७१ माणसे होती. एवढ्यांसाठी कशाला कटकट, असे फायलीवर सही करणाऱ्याला वाटले असेल. पण पंचायत सर्वाधिक लागते ती अशाच ठिकाणी. लक्षद्वीपला विधानसभा नाही. लोकसभेत खासदार एकच. बाकी हुकूम प्रशासकाचा, आणि प्रशासक दिल्लीने धाडलेला. बेटावरच्या माणसाला हक्काने भांडता येईल अशी जागा पंचायतीचीच होती. तिचे पंख मे २०२१ मध्येच छाटले गेले: शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय ही पाच खाती जिल्हा पंचायतीकडून काढून घेतली. मासेमारीवर जगणाऱ्यांच्या पंचायतीला मासेमारीत बोलायचा अधिकार नाही! आता तर पंचायतच नाही.

देशाची सुरक्षा हवीच. कवरत्ती आणि मिनिकॉयवर नौदलाचे तळ आहेत, त्यांच्यासाठी अख्खे गाव उठवावे लागले नाही. बित्रावर ते का लागावे, हे निदान विचारता यायला हवे. विचारणार कोण?

मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे घटनेचे २४३-ई हे कलम सांगते. ते कुणी मनावर घेत नाही, हे आपणा मुंबईकरांना काय सांगावे? देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका मार्च २०२२ पासून २०२६च्या सुरुवातीपर्यंत प्रशासकाच्या हाती होती. नगरसेवक नव्हता, तक्रार कुणाकडे न्यायची ते कळत नव्हते, आणि मंत्रालयाचे काही अडत नव्हते. प्रशासकाची चटक लागली की निवडणूक ही सरकारला ब्यादच वाटू लागते. फरक इतकाच की आपले रस्ते खणले गेले, बित्राचे तर गावच जाणार आहे.

ही अधिसूचना मागे घ्या. आधी पंचायतीची निवडणूक घ्या, मग जमिनीची भाषा करा.