चूक टांकसाळीची की घाव नंतरचा?

शेजारचा एक मुलगा परवा आजीच्या पेटीतला चांदीचा रुपया घेऊन आला. 1862चा, व्हिक्टोरिया राणीचा. राणीच्या डोक्यावर, अगदी काठाला, धातूचा छोटा गोळा. म्हणाला, "चाचा, ही टांकसाळीची चूक आहे म्हणे. एक जण फोनवर लाख रुपये द्यायला तयार आहे. फक्त आधी दोन हजार नोंदणी फी भरायला सांगतो."

तो गोळा डाखाचा होता. कधीकाळी सोनाराने कडी जोडली असेल आणि घरातल्या कुणी बाईने तो रुपया गळ्यात घातला असेल. टांकसाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हल्ली प्रत्येक खोट 'एरर' म्हणून विकली जाते. ओळखायला मात्र एकच प्रश्न पुरतो: नाणे तयार होताना हे कोणत्या पायरीवर घडू शकले असते? यंत्राच्या नाण्यासाठी पट्टीतून चकती कापतात आणि ती दोन ठशांमध्ये दाबतात. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंचावलेली रेघ येते. खोल गेलेली रेघ बहुधा नंतरचा ओरखडा. पट्टी पुरती सरकली नाही तर चकतीला आधीच्या भोकाचा गोल चावा बसतो, आणि त्याच्या जवळची नक्षी हळूहळू पुसट होत जाते. कानस मारलेल्या नाण्यावर नक्षी एकदम तुटते. 1943च्या भोकाच्या पैशात भोक बाजूला सरकले असेल तर ती टांकसाळीची चूक. पण राणीच्या रुपयाला भोक असेल तर ते कुणीतरी पाडलेले.

हाताने पाडलेल्या नाण्यांना वेगळी फूटपट्टी लागते. शिवराईवर किंवा मुघल रुपयावर अक्षरे अर्धीच दिसतात, कारण ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. ती चूक नव्हे, रीत होती. जुन्या रुपयांवरच्या बारीक खुणाही चूक नाहीत. चांदी खरी की खोटी हे पाहायला सराफांनी त्या मारल्या आहेत.

मला या सराफांचे कौतुक वाटते. त्यांनी नाण्याला घाव घातला तो खरेपणा तपासण्यासाठी, आणि उघडपणे. आजचा विक्रेता घाव जन्मखूण म्हणून खपवतो. मालातला ऐब सांगून विकणे हा व्यापाराचा पहिला नियम आहे. 'मलाही ठाऊक नव्हते' ही सबब चालणार नाही. ठाऊक नसेल तर लाखाची किंमत कशाच्या जोरावर सांगता?

आणि यात फसतो कोण? संग्राहक भिंग घेऊन बसतो, तो सहसा फसत नाही. फसतो तो, ज्याच्या घरी एकच जुना रुपया आहे आणि लग्न किंवा दवाखाना तोंडावर आहे. जुन्या नाण्यांच्या नावाने फी, कमिशन, कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्ये बजावले होते. ती सूचना अशा घरांपर्यंत पोहोचलीच नाही.

मुलाने पैसे भरले नाहीत. डाख घासून काढू का, असे त्याने विचारले. नको म्हणालो. घासलास तर आणखी एक घाव वाढेल, आणि कडीची खूणही जाईल. त्या रुपयात चांदीचे मोल आहेच. बाकीचे मोल तुमच्या घराचे आहे, ते फोनवरच्या माणसाला कळणार नाही.