चढ न चढता पाहिलेले देऊळ

गेल्या उन्हाळ्यात आमचे साडू युरोप ‘करून’ आले. ‘करून’ हा शब्द त्यांचाच. पूर्वी माणसे चारधाम करीत, हल्ली युरोप करतात. चहा झाला आणि फोटो सुरू झाले. एका फोटोत टेकडीवर छप्पर नसलेले भव्य देऊळ आणि त्याच्यापुढे ओळीने उभा असलेला सगळा परिवार. “हे सेजेस्टा. सिसिलीतलं. ग्रीकांचं,” साडू म्हणाले. “किती वेळ थांबलात तिथं?” मी विचारले. “पाऊण तास. अहो, पुढे जेवणाची वेळ ठरलेली होती ना!”

मी हसलो नाही. मला तो अधिकारच नाही. काही वर्षांपूर्वी मीही एका सहल कंपनीचे गळपट्टे घालून त्याच देवळापुढे पाऊण तास उभा होतो, आणि घरी येऊन ‘ग्रीकांचं’ असेच सांगत होतो. पुढे ते चूक असल्याचे वाचले तेव्हा शरम वाटली. ती घालवायला पुन्हा गेलो. या खेपेला एका डॉक्टर स्नेह्याबरोबर, पालेर्मोत भाड्याने घेतलेल्या सायकलींवरून, बारा दिवस, फक्त पश्चिम सिसिलीत. त्या बारा दिवसांच्या जोरावर आज ठणकावून सांगतो : बसमधून उतरून जी प्राचीन स्थळे आपण पाहतो, ती आपण पाहतच नाही. आपल्याला दिसतात ते दगड.

रागावण्याआधी पुढचे वाचा. सिसिलीचा सुमारे साठ टक्के भाग टेकड्यांचा आहे. सपाट जमीन जेमतेम सातवा हिस्सा. गावे माथ्यावर, शेते उतारावर, आणि देवळे अशा जागी की दुरून येणाऱ्याला दिसावीत. म्हणजे तिथला चढ ही वाटेतली अडचण नव्हे, तो इतिहासाचाच भाग आहे. वातानुकूलित बस नेमकी हीच गोष्ट आपल्यापासून काढून घेते आणि वर त्याचे पैसे घेते.

सेजेस्टाचेच घ्या. कालाताफिमी गावाच्या बाजूने आम्ही निघालो. गव्हाची शेते, रस्त्याकडेला उंच वाढलेली रानबडीशेप. एका वळणावर देऊळ दिसले, दुसऱ्यावर लपले, पुन्हा दिसले. धापा टाकीत वर पोचलो तेव्हा ते डोळ्यांपुढे कितीतरी वेळा येऊन गेले होते. म्हणून नीट पाहता आले. छत्तीस खांब आहेत, पण एकावरही ग्रीक देवळांत असतात तशा उभ्या खाचा नाहीत. पायऱ्यांच्या दगडांवर, उचलण्यासाठी ठेवलेले उंचवटे अजून तसेच आहेत. काम संपल्यावर ते तासून टाकायचे असतात. आत गाभारा नाही. देऊळ पुरे झालेच नाही. आणि ते बांधणारे ग्रीक नव्हते, एलिमी होते. लिपी ग्रीकांची घेतलेले, देवळाची घडण ग्रीकांची घेतलेले, पण बोली आपली राखलेले लोक. याच गावाने अथेन्सच्या वकिलांना उसन्या आणलेल्या सोन्याचांदीच्या भांड्यांतून जेवू घालून आपण श्रीमंत असल्याचे भासवले, असे थ्युसिडिडीस लिहितो. त्या भुलीने इ.स.पूर्व ४१५ मध्ये अथेन्सचे आरमार सिसिलीवर आले आणि दोन वर्षांत धुळीला मिळाले. पाऊण तासात यातले काय कळणार? तेवढ्यात एकच शब्द मावतो : ग्रीक.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या तुम्हांआम्हांला तरी हे टोचायला हवे. घरी एक, बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या माणसांवर बाहेरचा घाईतला माणूस एकच चिठ्ठी डकवून मोकळा होतो, तेव्हा आपल्याला कसे वाटते? आणि परदेशात गेल्यावर आपणही तेच करतो.

सेलिनुंते या सेजेस्टाच्या वैरी शहराची गोष्ट आणखी बोलकी. कुझाच्या खाणीपासून ते दहा-बारा किलोमीटरांवर. खाणीत आजही सुमारे तीन मीटर व्यासाचे खांबांचे तुकडे अर्धवट कोरलेले उभे आहेत. भोवती पाथरवटाला उभे राहता येईल एवढीच चर. काही तुकडे सुटून वाटेला लागलेले, पण कधीच न पोचलेले. इ.स.पूर्व ४०९ मध्ये सेजेस्टाच्या हाकेवर कार्थेजची फौज आली, सेलिनुंते पडले आणि काम थांबले. खाणीतून शहरापर्यंत सायकल हाणताना प्रत्येक लहानसा चढ मला विचारीत होता, ‘इथून तो दगड कसा नेला असेल रे?’ बसमध्ये हा प्रश्नच पडत नाही. तिथे प्रश्न पडतो तो पुढचे स्वच्छतागृह किती लांब हा.

वाटेतली गावांची नावेसुद्धा ऐकण्यासारखी. कालाताफिमी, काल्तानिसेत्ता, काल्ताजिरोने यांच्या तोंडी असलेला तो ‘कालात’ म्हणजे अरबी ‘कलआ’. आपला ‘किल्ला’ फारसीच्या वाटेने आला तो त्याच घरातून. सायकल थांबवून पाटी वाचणाऱ्याला अशी सोयरीक सापडते.

आता बस जिथे सहसा थांबत नाही त्या दोन जागा. १९६८ च्या जानेवारीत बेलिचे खोऱ्यात भूकंप झाला. जिबेलिना गाव पडले आणि दूर दुसरीकडे नवे वसवले गेले. जुन्या अवशेषांवर आल्बेर्तो बुर्री या कलावंताने पांढऱ्या काँक्रीटचे प्रचंड आच्छादन घातले. काम १९८४ मध्ये सुरू झाले, पुरे झाले २०१५ मध्ये. जुन्या गल्ल्या जिथे होत्या तिथे त्यात चरांसारख्या वाटा ठेवल्या आहेत. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांनी त्या वाटांतून एकदा चालावे. आम्ही दोघे तिथे अर्धा तास एक शब्द बोललो नाही.

दुसरी जागा पियाना देल्यी आल्बानेझी. पालेर्मोहून पंचवीसेक किलोमीटर, जवळजवळ सगळा चढच. तुर्कांच्या स्वारीपुढे आल्बानियातून निघालेल्या लोकांनी १४८८ मध्ये हे गाव वसवले. पाच शतके उलटली तरी त्यांची बोली टिकली आहे, चर्चमधली पूजा पूर्वेकडच्या रीतीची आहे आणि गावात पाट्या दोन भाषांत आहेत. १९९९ च्या एका कायद्याने इटलीने अशा भाषांना संरक्षण दिले. गावावरच्या खिंडीत, पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राला, १ मे १९४७ रोजी कामगारदिनाला जमलेल्या शेतकऱ्यांवर दरोडेखोरांच्या टोळीने गोळ्या झाडल्या. अकरा माणसे मेली. आमच्या सहलीच्या पत्रकात या गावाचे नावही नव्हते. ‘पाहण्यासारखे काही नाही’ म्हणतात ते हेच!

आक्षेप मला पाठ आहेत. ‘आमचे वय झाले.’ झाले असेल. बॅटरीवर चालणारी सायकल मिळते, आणि दिवसाला तीसच किलोमीटर केले तर कोणी दंड करीत नाही. ‘ऊन?’ खरे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सिराक्यूजजवळ ४८.८ अंश तापमान नोंदले गेले, युरोपातला उच्चांक. म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरात जावे. ‘शाकाहाराचे काय?’ हरभऱ्याच्या पिठाची तळलेली पानेल्ले खा. आपल्या पाटवडीची मावसबहीणच. रस्ते मात्र कुठे कुठे खचलेले आहेत आणि धनगरांची कुत्री अंगावर येतात, हे लपवीत नाही. ज्यांना गुडघेच साथ देत नाहीत त्यांना माझे काही म्हणणे नाही. त्यांनी एकाच गावात चार दिवस मुक्काम करावा. माझा वाद वाहनाशी कमी, घाईशी जास्त आहे.

पण खरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तो साडूंच्या तोंडून निसटला : “आयुष्यभर सायकलच दामटली हो. आता परदेशात जाऊनही सायकल?” हे दुःख मला कळते. आमच्या पिढीला सायकल म्हणजे न परवडलेली स्कूटर होती. पण त्याच सायकलीने आपल्याला आपला तालुका शिकवला. कोणत्या गावाला चढ आहे, कुठल्या विहिरीचे पाणी गोड आहे, कोणत्या वस्तीत कोणती भाषा बोलतात, हे आपल्याला पायांनी कळले. गरिबीने दिलेली ही एक विद्या पैसा आल्यावर आपण लाजेने टाकून दिली, हाच माझा खरा राग.

आणि नव्याने सायकलवर बसलेल्या तरुण मंडळींनी फार खूश होऊ नये. मनगटावरचे किलोमीटर मोजत, मान खाली घालून सेजेस्टावरून सुसाट जाणारेही मी पाहिले. बसवाल्यांचा निदान फोटो तरी निघतो!

साडूंना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, “पुढच्या वर्षी ग्रीस करतोय.” मी म्हटले, “करू नका. जा.”