मुलांच्या हातची बातमी

प्राथमिक शाळेंतील मुलांस वर्तमानपत्री बातमी लिहावयास शिकवावें, असें कोणीं म्हटलें कीं आमच्याकडील पुष्कळ शहाणीं माणसें हंसतात. ज्यांस अजून जोडाक्षरें धड येत नाहींत त्यांनीं बातमीदार व्हावें काय, असें तीं विचारतात. पण मुलांस बातमीदार करावयाचें नसून, पाहिलेलें व ऐकलेलें या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढें त्यांच्या अंगीं बाणवावयाचें आहे.

वकिलास हा भेद पहिल्या दिवसापासून शिकावा लागतो. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ठरविलें. त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यांतही तो नियम कायम आहे. व्यापाऱ्यांस तर हें सांगावयासच नको. रक्कम हातीं आल्यावांचून कीर्दींत जमा धरणारा मुनीम कोणती पेढी ठेवील?

हा भेद न कळल्यानें काय होतें, तें आम्हीं पाहिलें आहे. ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच निरपराध इसम ठार मारिले. असल्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून हातोहात फिरत होत्या. अफवा पुढें धाडण्यास अक्षरओळख पुरते. ‘हें कोणीं पाहिलें?’ असें विचारण्यास निराळी संवय लागते. विद्वानही यांतून सुटत नाहींत. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनीं छापलेलीं पत्रें बनावट ठरलीं, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले.

आमच्या शाळांतून मुलें ‘पावसाळा’ या विषयावर मार्गदर्शकांतील निबंध उतरून काढितात. त्याऐवजीं आज शाळेच्या नळास पाणी किती वाजतां आलें, किती घागरी भरल्या, हें कोणीं सांगितलें, एवढ्या चार ओळी लिहवून घ्याव्या. कोण, काय, कोठें, केव्हां हे प्रश्न आधीं, ‘कां’ हा अगदीं शेवटीं, कारण मूल (आणि संपादकही!) अंदाज बांधूं लागतें तें तेथेंच.

हें कोणास स्वप्न वाटूं नये. फ्रान्समध्यें सेलेस्तँ फ्रेने या खेड्यांतील शिक्षकानें १९२४ च्या सुमारास वर्गांतच छापखाना आणिला, व मुलांनीं लिहिलेला मजकूर दूरच्या शाळांस जाऊं लागला. वार्सा येथें यानुश कोर्चाक यानें १९२६ सालीं काढलेली मुलांची वृत्तपत्री पुरवणी १९३९ पर्यंत चालली.

मुलांस हें जमेल, यांत आम्हांस शंका नाहीं. मोठ्यांस सोसवेल काय, हा खरा प्रश्न आहे. मुलांच्याच लेखनावरून गांवांत चळवळ उठून फ्रेनेस सरकारी शाळा सोडावी लागली, व १९३५ सालीं त्यानें स्वतःची शाळा उघडली. आमच्याकडे दुपारचा भात कच्चा होता असें एखाद्या मुलीनें फळ्यावर लिहिलें, तर मुख्याध्यापक आधीं फळा पुसतील कीं पातेलें पाहतील? २००९ च्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. त्यांनीं प्रथम असा ठराव करावा कीं खरी बातमी लिहिल्याबद्दल कोणत्याही मुलास शिक्षा होणार नाहीं; आणि भाताची बातमी येईल त्या दिवशीं त्यांपैकीं दोघांनीं तडक स्वयंपाकघरांत जावें.