सावली हरवते, तो दिवस सणाचा व्हावा

मे महिन्याच्या ३-४ तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी उभा असलेला विजेचा खांब काही क्षण सावलीविना उभा असतो. खांबाचं काही बिघडलेलं नसतं. सूर्य नेमका डोक्यावर आलेला असतो आणि खांबाची सावली त्याच्याच पायाखाली गेलेली असते. आकाशप्रेमी मंडळी याला शून्य सावली दिवस म्हणतात. त्यानंतर ही अदृश्य रेघ महाराष्ट्रातून उत्तरेकडे निघते. कोल्हापूरला ६-७ मे, रत्नागिरीला ८ मे, सोलापूरला १०-११ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नाशकात २० मे, नागपुरात २६ मे असे तिचे मुक्काम असतात. महिनाअखेरीला ती सातपुड्यात पोहोचते. पंढरीच्या वाटेवरची दिंडी चालावी तशी ही रेघ रोज वीस-तीस किलोमीटर पुढे सरकते आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला त्याची एक दुपार देऊन जाते.

इतका देखणा, फुकटचा आणि गावागणिक वेगळा योग महाराष्ट्राच्या दारात दरवर्षी येतो, तरी बहुतेक घरांत त्याची खबर नसते. या दिवसाला उन्हाळ्यातल्या सणांच्या पंगतीत मानाचं पान मिळायला हवं.

तशी मराठी उन्हाळ्याला प्रसंगांची वाण नाही. पाडव्याला कडुनिंबाचा पाला आणि गूळ होतो. मग महिनाभर चैत्रगौरीचं हळदीकुंकू रंगतं, त्यात कैरीची डाळ, पन्हं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी असते. अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घट दान दिला जातो. खानदेशात तीच आखाजी होते, माहेरवाशिणी झोक्यावर बसतात आणि पुरणपोळीबरोबर आमरस येतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला त्याच दिवशी शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचं भाकीत ऐकायला शेतकऱ्यांची गर्दी होते. पुढे बुद्धपौर्णिमा सोडली, तर वटपौर्णिमेपर्यंत घरोघरी साजरं व्हावं असं फारसं काही उरत नाही. लग्नाच्या पत्रिका, कुरडयांचा चीक आणि दुपारची झोप यांतच मे महिना सरतो. सावली हरवते ती नेमकी या मोकळ्या जागेत.

सूर्य रोज दुपारी बाराला डोक्यावर येतो, असं शाळा शिकलेली कितीतरी माणसं धरून चालतात. प्रत्यक्षात तो मुंबईच्या माथ्यावर वर्षातून दोनदाच येतो. २२ डिसेंबरला मुंबईत भर मध्यान्हीलाही मीटरभर काठीची सावली ९० सेंटिमीटरपेक्षा लांब पडते. डिसेंबर सरल्यावर ती दिवसागणिक आखडत जाते आणि मेच्या मध्यावर नाहीशी होते. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि अख्खा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला आहे, म्हणून सावंतवाडीपासून धडगावपर्यंत एकही गाव या योगाला मुकत नाही. गोव्याला तो सावंतवाडीच्याही आधी मिळतो. दिल्ली साडेअठ्ठावीस अंशांच्या वर आहे. तिथे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही.

दुसरा योग पावसाळ्यात येतो, सूर्य दक्षिणेकडे परतताना. नागपूरला १७ जुलैच्या आसपास, मुंबईला २७-२८ जुलैला आणि कोल्हापूरला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा ढग सूर्य दिसू देतील याची खात्री नाही. म्हणून सण करायचा तर मेमध्येच.

वेळेची गंमत तर तारखेपेक्षाही भारी आहे. घड्याळात बारा वाजता सावली जात नाही. मुंबईत ती साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी जाते, पुण्यात १२.३१ला, नागपुरात १२.१०च्या आगेमागे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि मुंबई त्या रेषेच्या बरीच पश्चिमेला आहे, त्यामुळे मुंबईची खरी दुपार उशिरा होते. १९०६मध्ये प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा आपली ३९ मिनिटं मागची ‘मुंबई टाइम’ सोडायला हे शहर तयार नव्हतं. ती वेळ शहरात १९५५पर्यंत वापरात होती. ज्या वेळेसाठी आजोबा-पणजोबांच्या पिढ्या हटून बसल्या, ती खरी कुठली, हे मेच्या मध्यावर गच्चीवर उभी केलेली एक काठी दाखवून देते.

साहित्य म्हणाल तर घरातच आहे. पाडव्याला उभारलेल्या गुढीची काठी पुढे वर्षभर माळ्यावर पडून असते. ती खाली काढावी आणि सरळ उभी करावी. ती खरंच उभी आहे की कललेली, हे पाहायला गवंड्याचा ओळंबा लागतो. तो नसेल, तर दोऱ्याला बांधलेला दगडही चालतो. काठी नको असेल तर वरवंटा उभा ठेवावा, मुसळ ठेवावं, नाहीतर पाण्याच्या टाकीचा उरलेला पाईपचा तुकडा. पाईप सर्वांत बहारदार, कारण त्याच्या आत वरून येणारा उजेड थेट तळाला टेकतो आणि जमिनीवर लख्ख वर्तुळ उमटतं. ज्यांच्या परसात आड किंवा विहीर शाबूत आहे, त्यांनी त्या वेळी आत डोकावावं. एरवी काठाच्या सावलीत राहणारं खोलवरचं पाणी तेवढ्या काही मिनिटांत उजळून निघतं. तारखेवरून वाद घालण्याचंही कारण नाही. एखाद्या दिवसाची चूक झाली, तरी मीटरभर काठीची सावली चार-पाच मिलिमीटरपलीकडे जात नाही.

हे शास्त्र बाहेरून आलेलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. जुन्या ज्योतिर्गणितात बारा अंगुळांचा शंकू उभा करून सावली मोजत. दिवस-रात्र समान असलेल्या दिवशी मध्यान्हीला पडणाऱ्या त्याच्या सावलीला पलभा म्हणत आणि प्रत्येक गावाची पलभा वेगळी असे. पुण्याची पलभा जवळजवळ नेमकी चार अंगुळं येते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सावलीच्या गणितांचं स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात आहे. हा शिलालेख विद्वानांच्या नजरेस आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्याच पाटणमध्ये २२ मेच्या आसपास सावली हरवते. तिथल्या शाळकरी मुलांना भास्कराचार्यांच्या नावाने साजरा करायला याहून रास्त दिवस कोणता?

याच सावलीने महाराष्ट्रात माणसांचा छळही केला आहे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी जातिव्यवस्थेवरच्या आपल्या १९३२च्या ग्रंथात पुण्याची एक जुनी रीत नोंदवली आहे. मराठे आणि पेशव्यांच्या अमलात महार आणि मांग समाजातल्या माणसांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी शहराच्या वेशीच्या आत येता येत नसे. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि त्या उच्च जातीच्या माणसावर पडल्या तर त्याला विटाळ होतो, अशी समजूत होती. माणसाने शहरात कधी यायचं, हे त्याच्या सावलीच्या लांबीवर ठरत होतं. त्याच पुण्यात १३ मेच्या दुपारी शनिवारवाड्यासमोर उभ्या राहिलेल्या कुणाच्याच पायाबाहेर सावली पडत नाही. तिथे शाळांतली सगळी मुलं हातात हात धरून रिंगण करून उभी राहिली, तर त्यांना इतिहासही शिकवता येईल आणि भूगोलही.

नव्या सणाची मोठी सोय हीच असते, की कुणाला वगळायचं याची जुनी यादी त्याच्याबरोबर येत नाही. चैत्रातलं हळदीकुंकू कितीही गोड असलं, तरी विधवेला त्यात न बोलावण्याची रीत अजून कित्येक घरांत चालू आहे. ती मोडावी म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेला मे २०२२मध्ये ठराव करावा लागला, विधवा प्रथा बंद करण्याचा. तो ठराव इतका मोलाचा होता की राज्य सरकारने इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. सावलीच्या सणाला सवाष्ण लागत नाही, भटजी लागत नाही, मुहूर्ताला दक्षिणाही लागत नाही. पन्हं मात्र असावंच. कोकणात त्याच्या जागी कोकम सरबत आलं, तर उत्तमच.

पंचांगाच्या दृष्टीनेही हा दिवस भक्कम आहे. अधिक महिना आला की इतर सण मागेपुढे सरकतात. संक्रांतीचे तिळगूळ आपण १४-१५ जानेवारीला वाटतो, पण सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो २२ डिसेंबरलाच. शतकं गेली आणि दोहोंत तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडलं. सावलीच्या दिवसात असा फरक पडू शकत नाही, कारण तो दरवर्षी डोळ्यांनी तपासला जातो.

सुट्टीतल्या मुलांसाठी तर यात मोठाच खेळ आहे. पुण्याच्या दिवशी, म्हणजे १३-१४ मेला, कोल्हापूरच्या मामाने आणि नागपूरच्या आत्याने आपापल्या मध्यान्हीला मीटरभर काठीची सावली मोजावी आणि फोनवर एकमेकांना सांगावी. कोल्हापुरात सूर्य तोवर उत्तरेला गेलेला असतो, त्यामुळे तिथे सुमारे सव्वातीन सेंटिमीटरची सावली दक्षिणेला पडते. नागपुरात तो अजून पोहोचलेला नसतो, म्हणून साधारण साडेचार सेंटिमीटरची सावली उत्तरेला पडते. या दोन आकड्यांवरून सूर्यकिरणांचे कोन काढले, तर दोन्ही शहरांत सुमारे साडेचार अंशांचं अंतर येतं. नकाशावर त्यांचं दक्षिणोत्तर अंतर ४९०-४९५ किलोमीटर आहे. साडेचार अंशांना एवढे, तर पूर्ण ३६० अंशांना किती, हा त्रैराशिकाचा प्रश्न सातवीतली मुलगीही सोडवते आणि उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतं. हा पृथ्वीचा घेर आहे. दोन हजार वर्षांहून आधी एरॅटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने इजिप्तमधल्या दोन शहरांतल्या सावल्यांवरून तो असाच काढला होता. मामा आणि आत्या मिळून पृथ्वी मोजू शकतात, हे ज्या मुलाला एकदा कळलं, ते भूगोलाला कंटाळणार नाही.

मुंबईहून कोकणात सुट्टीला गेलेल्या मुलांना तर दोनदा संधी मिळते. ८ मेला रत्नागिरीच्या अंगणात सावली हरवलेली पाहावी आणि आठवड्याने मुंबईला परतून आपल्या इमारतीच्या गच्चीवर ती पुन्हा हरवू द्यावी.

शाळा मेमध्ये बंद असतात, हीच मोठी अडचण. म्हणून हा सण घरांनी, सोसायट्यांनी, वाचनालयांनी आणि ग्रामपंचायतींनी उचलायला हवा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे, मुंबईत वरळीला नेहरू तारांगण आहे, आणि गावोगावचे विज्ञानशिक्षक सुट्टीतही घरी बसत नाहीत. माणसांची वाण नाही.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावं. मेचं ऊन ही थट्टेची गोष्ट नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या शासकीय सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. म्हणून या सणाला मंडप, भाषण, सत्कार, हारतुरे काहीही नको. डोक्याला टोपी किंवा पदर असावा, हाताशी पाणी असावं. सूर्याकडे बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं. दहा मिनिटांत सगळ्यांनी सावलीत परतायचं. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तिथे तर म्हाताऱ्या माणसांनी हा सोहळा व्हरांड्यातूनच पाहावा.

दिनदर्शिका छापणाऱ्यांनी मेच्या पानावर जिल्हावार शून्य सावलीच्या तारखा आणि वेळा द्याव्यात. एकादश्या आणि चतुर्थ्या इतक्या निगुतीने छापल्या जातात, त्यांच्या शेजारी या एका ओळीला जागा नक्की होईल. ग्रामपंचायतींनी आपल्या गावाची तारीख एप्रिलअखेरीलाच फळ्यावर लिहावी. आणि वाचकांनी एवढं करावं, आपल्या गावाचा अक्षांश बघून तारीख काढावी, गुढीची काठी माळ्यावरून उतरवावी आणि त्या दुपारी शेजारच्या मुलांना अंगणात बोलवावं.