सांडपाण्याची खतावणी

डिसेंबर १९३२ मधील गोष्ट. रत्नागिरीच्या तुरुंगात एका सत्याग्रही कैद्याने अधिकाऱ्यांकडे एक मागणी केली. ती अधिक अन्नाची नव्हती, हलक्या कामाचीही नव्हती. तुरुंगातील मैला साफ करण्याचे काम आपल्याला द्यावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. उच्चवर्णीय कैद्याला हे काम देणे नियमात बसत नाही, असे उत्तर मिळाले. कैद्याने अन्नत्याग आरंभिला. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात पोहोचताच महात्मा गांधींनीही सहानुभूतीचा उपवास सुरू केला आणि सरकारने प्रश्नाचा विचार करण्याचे मान्य केल्यावरच तो सोडला. त्या कैद्याचे नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. महाराष्ट्र त्यांना ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धन म्हणून ओळखतो.

अप्पासाहेबांचा आग्रह भावनेपुरता नव्हता. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन केला. त्या वेळी कणकवली रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तेथे त्यांनी मैल्याचे सोनखत करण्याची पद्धत बसवली. पालटून वापरावयाचे खड्डे, त्यांत माती व पालापाचोळा, आणि पुरेसा काळ जाऊ दिल्यावर हाती येणारे निर्गंध खत, असे ते ‘गोपुरी संडास’ होते. ज्याला समाजाने बुडीत खात्यात टाकले होते ते येणे वसूल होऊ शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले.

त्यांच्या विचाराचा वारसा पुढे देहूस गेला. १९६० च्या सुमारास डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे तरुण वैद्यकीय अधिकारी तुकोबांच्या या गावी आले. दवाखान्यात येणारे बहुसंख्य रुग्ण जंत, हगवण आणि अतिसाराने बेजार झालेले. औषधाने बरा झालेला रुग्ण काही आठवड्यांत पुन्हा दारात उभा राहत असे, कारण रोगाचे मूळ उघड्यावरील शौचात होते. डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीबरोबर शौचालय बांधणीचे काम हाती घेतले, आणि त्यात अप्पासाहेबांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे त्यांनी शौचालयास जोडलेल्या बायोगॅस संयंत्राची रचना केली व तिला ‘मलप्रभा’ हे अर्थपूर्ण नाव दिले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले; २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

मलप्रभेमागील शास्त्र अवघड नाही. हवाबंद टाकीत, प्राणवायूच्या अभावी, सूक्ष्मजीवांच्या टोळ्या क्रमाक्रमाने काम करतात. पहिली टोळी मोठे रेणू फोडते, दुसरी त्यांची आम्ले करते आणि शेवटची त्यांपासून मिथेन वायू तयार करते. निघणाऱ्या वायूत साधारण ६० टक्के मिथेन असतो, तोच जळतो. या जीवांना तीस ते सदतीस अंश सेल्सिअसची ऊब मानवते. युरोपात त्यासाठी टाकी तापवावी लागते. कोकणात मात्र ही ऊब निसर्ग बव्हंशी फुकट पुरवतो.

आपल्याकडे हा प्रयोग नवा आहे असेही नाही. इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८९५ मध्ये सेप्टिक टाकीतील वायूवर दिवे लावण्यात आले, आणि त्यानंतर लवकरच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रयगृहात टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय करून त्यावर इंजिन चालवण्यात आले. ज्यांना समाजाने गावाबाहेर ठेवले होते, त्यांच्या वस्तीतून ऊर्जेचा हा मार्ग निघाला. अलीकडील उदाहरण घ्यावयाचे तर सुरत महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभी अंजना येथील मलशुद्धीकरण केंद्रातील वायूपासून अर्धा मेगावॅट क्षमतेची वीजनिर्मिती सुरू केली.

व्यापारी कुटुंबाला स्वाभाविकपणे प्रश्न पडतो : हिशेब काय? ढोबळमानाने एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर वायू मिळतो. पाच जणांच्या घरात त्यावर सकाळचा चहा होईल, स्वयंपाक होणार नाही. तेव्हा एकट्या घरासाठी हा व्यवहार फायद्याचा आहे असे सांगणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल होय. पण शंभर विद्यार्थ्यांचे वसतिगृह किंवा तेवढ्याच यात्रेकरूंची धर्मशाळा असेल तर चित्र पालटते. दिवसाला सुमारे तीन घनमीटर वायू, म्हणजे साधारण सव्वा ते दीड किलो स्वयंपाकाच्या गॅसची बरोबरी. दहा-अकरा दिवसांना एक घरगुती सिलिंडर, वर्षाला तीसाहून अधिक. त्यात भोजनशाळेतील भाजीची देठे, साली व खरकटे यांची भर पडली, तर वायूची जमा पुष्कळ वाढते.

या जमेच्या बाजूला काही अटी आहेत. शौचालयात पाणी बेताने वापरावे लागते. दर वेळी दहा लिटर पाणी सोडले तर टाकीतील द्रव्य पातळ होऊन पचनाला वेळच मिळत नाही. आम्ल व फिनाइल यांचा सढळ वापर केला तर वायू निर्माण करणारे जीव मरतात. आणि वायू निर्माण होऊनही तो जाळला नाही, सेप्टिक टाकीच्या नळीतून नुसता हवेत सोडला, तर नुकसान दुहेरी होते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट मानली जाते.

येथवर ऊर्जेचे खाते झाले. सांडपाण्याच्या खतावणीत दुसरेही एक पान आहे, आणि ते विषाणूंचे आहे.

पोलिओचा विषाणू मुखावाटे शरीरात जातो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एखादेच पांगळे होते. बाकीच्यांना काही झाले आहे याचा घरात कोणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे केवळ पांगळी मुले मोजून विषाणूचा वावर कळत नाही. गटाराला मात्र तो कळतो. हे ओळखून २००१ पासून मुंबईत सांडपाण्याची नियमित तपासणी सुरू झाली. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये डॉ. जगदीश देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम उभे केले. ठरावीक ठिकाणांहून सांडपाण्याचे नमुने घ्यावयाचे, त्यांतील विषाणू एकवटावयाचे, पेशींच्या संवर्धनात वाढवावयाचे आणि त्यांची जनुकीय ओळख पटवावयाची, असा हा नेमाचा व्यवहार. एखाद्या पेढीची रोकड वही रोज सांजेस जुळवावी, तसा. त्या ओळखीवरून विषाणू मुंबईचा आहे की उत्तर भारतातून आला आहे, हेही सांगता येऊ लागले.

या कामाचे मोल पुढे दिसले. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ विषाणू अखेरचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मधील नमुन्यात. देशातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. नवा रुग्ण नाही आणि गटारातही विषाणू नाही, या दोन्ही साक्षी जुळल्यावरच देश निर्धास्त होऊ शकला.

येथे प्रतिकारशक्तीविषयी एक बारकावा प्रत्येक आईवडिलांनी जाणून घ्यावा असा आहे. शरीराचे संरक्षण एका जागी नसते. टोचून दिलेली पोलिओची लस रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते. त्यामुळे विषाणू मज्जासंस्थेपर्यंत पोहोचत नाही व मूल पांगळे होत नाही. परंतु आतड्याच्या अस्तरावरील पहारा ती एकटी नीट बसवू शकत नाही. असे मूल स्वतः सुरक्षित राहूनही विषाणूचे वाहक होऊ शकते. तोंडावाटे दिलेले थेंब आतड्यातच पहारा बसवतात व विषाणूचा पुढील प्रवास रोखतात. मात्र हा पहारा काळाबरोबर शिथिल होतो. ज्या मुलांना थेंब आधीच मिळाले आहेत त्यांना वरून टोचून एक मात्रा दिली, तर आतड्यातील पहारा पुन्हा कडक होतो, हे वेल्लोर व मुरादाबाद येथील संशोधनातून २०१४ मध्ये पुढे आले. तिजोरीला कुलूप आणि दुकानाला शटर, दोन्ही लागतात. भारताने नोव्हेंबर २०१५ पासून टोचण्याची लस नियमित कार्यक्रमात आणली ती थेंब बंद करून नव्हे, थेंबांच्या जोडीला.

“आता पोलिओ राहिलाच कुठे?” असे म्हणून मात्रा चुकवणाऱ्या सुशिक्षित घरांनी २०२२ चे लंडन आठवावे. तेथील सांडपाण्यात लसीपासून बदललेला पोलिओ विषाणू वारंवार सापडला. एकही मूल पांगळे होण्याची वाट न पाहता शासनाने शहरातील एक ते नऊ वर्षांच्या सर्व मुलांना वाढीव मात्रा देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेला एक तरुण पांगळा झाला. ज्या शहरांत आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे राहतात, तेथील ही गोष्ट आहे. लसीपासून बदललेला विषाणू पसरतो तो जेथे लस न घेतलेल्यांची संख्या वाढते तेथेच, हे ध्यानात ठेवावे.

आता दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहू. बायोगॅसच्या टाकीतून वायू निघाला म्हणजे आतील रोगजंतू संपले, असा समज सर्वत्र आढळतो. तो धोक्याचा आहे. करोनासारख्या विषाणूंना स्निग्ध आवरण असते व ते शरीराबाहेर तुलनेने लवकर निकामी होतात. पोलिओ, कावीळ ‘अ’ यांच्या विषाणूंना असे आवरण नसते आणि ते पाण्यात व मळीत चिवटपणे टिकतात. जंतांची अंडी तर त्यांहूनही चिवट. साध्या तापमानाच्या टाकीत त्यांची संख्या घटते, ती शून्य होत नाही. म्हणून बाहेर पडणारी मळी तशीच भाजीच्या वाफ्यात सोडू नये. पालापाचोळ्यासह रचून तिचे नीट खत होऊ द्यावे. कुजताना ढिगात निर्माण होणारी पन्नास-पंचावन्न अंशांची उष्णता आणि त्यानंतरचा पुरेसा काळ हे काम पुरे करतात. घाई हा येथील खरा तोटा. अप्पासाहेबांचे पालटून वापरावयाचे खड्डे हेच सांगत होते : ऊर्जा हवी असो वा खत, काळाचे व्याज दिल्यावाचून मुद्दल हाती येत नाही.

रत्नागिरीसारख्या गावी याला आणखी एक कारण आहे. येथील जमीन जांभ्याची, सच्छिद्र. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या दगडातून झिरपत विहिरींना मिळतो. शोषखड्डा चढावर आणि शेजाऱ्याची विहीर उतारावर असेल, तर आपल्या घरातून गेलेले पाणी कोणाच्या घागरीत पोहोचते, याचा विचार बांधकामाच्या नकाशावरच व्हावयास हवा. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळून घेण्याची आपल्या घरांतील जुनी शिस्त विषाणूंच्या बाबतीतही तितकीच खरी ठरते.

शेवटी एका तारखेची नोंद. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना, गटारात व सेप्टिक टाकीत गुदमरून मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. एकाच दिवशी देशाने सांडपाण्यातील विषाणूवर विजय मिळवल्याची पावती घेतली आणि त्याच सांडपाण्यात माणसे मरतात हेही मान्य केले. टाकीत साचणारा मिथेन प्राणवायूची जागा घेतो, आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की आधी नाकाची जाणीवच हरपते. आत उतरलेल्या माणसाला धोका कळेपर्यंत वेळ संपलेली असते. जो वायू वर चूल पेटवू शकतो, तोच दुर्लक्षिल्यास खाली प्राण घेतो.

जैन आचारधर्मातील पाच समितींपैकी पाचवी उत्सर्ग समिती. शरीरातून टाकावयाचे तेही जीवहिंसा न होईल अशा जागी, पाहून व सांभाळून टाकावे, असे ती सांगते. मुनींसाठी सांगितलेला हा नियम गृहस्थाच्या घरात कसा उतरेल? टाकी उपसावयाची वेळ आली तर काम यंत्रानेच करून घ्यावे. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी कोणालाही आत उतरवू नये. नवी धर्मशाळा, वसतिगृह वा भोजनशाळा बांधताना विश्वस्तांनी शिलान्यासाआधी सांडपाण्याचा नकाशा मागावा. घरातील अर्भकाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत एकही रकाना रिकामा ठेवू नये. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घराला खतावणीतील कोरे पान खटकते. हे पानही तसेच खटकावे.