कोटितीर्थाच्या काठचा चितारी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या मंडळाची सहल लवासाला गेली होती. पिरंगुटवरून टेमघरचा घाट चढून गाडी दासव्यात उतरली. इटलीतल्या पोर्टोफिनो गावाच्या धर्तीवर बांधलेली रंगीत घरे आणि समोर वरसगाव धरणाचे पाणी. २०१० साली पर्यावरण खात्याने इथले काम थांबवले होते, २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीत गेले. मोसे खोऱ्यातल्या ज्या लोकांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू. आज विषय वेगळा आहे.

पाण्याकाठी कॉलेजची दोन मुले चित्र रंगवीत बसली होती. आमच्या शेजारचा मुलगा त्यांच्यापाशी जो थांबला, तो जेवणाच्या हाकेलाही येईना. जयंतीचे फलक आमच्याकडे हाच रंगवतो. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांनी पोराचा आयटीआयचा फॉर्म आणून ठेवलेला. "मोबाईलवर फोटो काढ अन् चल," म्हणून ओरडले. परतताना गाडीत आम्हांला म्हणाले, "भाऊ, झाडं अन् पाणी काढून कुणाचं पोट भरलंय का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्हांला कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवले. त्यांची गोष्ट गाडीतच सांगायला घेतली.

आबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमारास झाला. घराणे कुराणाच्या प्रती हाताने लिहिणाऱ्यांचे, म्हणजे बोटांत वळण आधीपासूनच होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते शिकले आणि पुढे कोल्हापूरला परतले. मुंबईत राहून साहेबलोकांच्या तसबिरी काढल्या असत्या तर पैसा मिळाला असता. पण हा माणूस कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिला आणि पाणी, झाडे, ऊन रंगवीत बसला. रंकाळ्यातला संध्यामठही त्यांनी रंगवला.

त्याच सुमारास, १८७४ साली, पॅरिसमध्ये मोने नावाच्या चित्रकाराने सूर्योदयाचे एक चित्र प्रदर्शनात मांडले आणि त्यावरून एका नव्या पंथाला नाव पडले. वस्तू रेखीव काढायची नाही. त्या घटकेला तिच्यावर पडलेला उजेड रंगाच्या सुट्या फटकाऱ्यांनी पकडायचा, असा तो पंथ. अमेरिकेचा चाइल्ड हॅसम जवळजवळ आबालालांच्याच वयाचा, जन्म १८५९ चा. तो पॅरिसला जाऊन शिकून आला. न्यूयॉर्कचे पावसात भिजलेले रस्ते आणि झेंडे त्याने रंगवले. त्याचे एक चित्र अमेरिकेच्या अध्यक्षांच्या व्हाइट हाऊसच्या संग्रहात आहे. आबालाल मात्र ना पॅरिसला गेले, ना लंडनला. तरी त्यांच्या छोट्या जलरंगांत उजेडाचे तेच बारीक ठिपके दिसतात. कोल्हापूरच्या तळ्यावरचे ऊन रोज पाहून जे साधते, ते त्यांना साधले, असे आमचे मत.

पोट कसे भरले? राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारात चित्रकार म्हणून आश्रय दिला. ज्या राजाने १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, तोच हा राजा. चित्रकाराची जात-धर्म पाहणे त्याच्या स्वभावात नव्हते. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. महाराज आणि बाबासाहेब यांची ओळख करून देणाऱ्यांत दत्तोबा दळवी होते, आणि हे दळवी चित्रकार होते. १९२० साली माणगाव परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. त्याआधीच्या धाग्यात एका कुंचलेवाल्याचा हात आहे, हे आपण क्वचितच सांगतो.

१९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले. कोल्हापुरात अजून सांगतात, की त्या दुःखात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थात सोडून दिली. ज्याच्यासाठी काढायची तोच नाही, तर ठेवायची कुणासाठी, असे त्यांना वाटले असेल. १९३१ साली आबालालही गेले. उरलेल्यांपैकी काही चित्रे टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत.

गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मुलाची आई मागच्या सीटवरून म्हणाली, "राजा गेला की चित्रं पाण्यात, म्हंजे भाऊ, तुमीच सांगितलं की पोट भरत न्हाई."

बाईंचे चुकले नव्हते. आम्ही कारकून माणूस, आम्हांला हिशेब कळतो. आता दरबार नाही, पण दुसरी वाट आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा शाळेतूनच देता येतात. बारावीनंतर कलापदवीसाठी राज्याची सीईटी असते. जातीचा दाखला आणि जातवैधता वेळेत काढून ठेवली तर राखीव जागा आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. पुढे जाहिरात, छपाई, चित्रकला शिक्षकाची नोकरी, अशा वाटा आहेत. निसर्गचित्रे तो रविवारी काढील. आबालालांसारखे सगळे सोडून तळ्याकाठी बस, असे आम्ही कोणाच्याही मुलाला सांगणार नाही.

वडील काही बोलले नाहीत. चांदणी चौकात उतरताना एवढेच विचारले, "त्या परीक्षेचा फॉर्म कधी सुटतो?" आयटीआयचा फॉर्म त्यांनी अजून फाडलेला नाही, दोन्ही कागद एकाच पिशवीत आहेत. दिवाळीत टाऊन हॉल पाहायला कोल्हापूरला जायचे ठरले आहे, आणि एसटीचे भाडे मुलगा फलक रंगवून जमवतो आहे.